माग का थांबला?

सोलापुरात सत्कार म्हटला की चादर आली. पाहुणा पुण्याचा असो, दिल्लीचा असो, त्याच्या हातात नारळ आणि खांद्यावर सोलापुरी चादर पडल्याशिवाय आपल्याला कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. सप्टेंबर उजाडला की चाटी गल्लीत आणि मधल्या मारुतीजवळ शाळा-कॉलेजची माणसं दिसू लागतात. पाच तारखेचा शिक्षक दिन, डझन-दोन डझन चादरी एकदम घ्यायच्या असतात.

आमच्या सरांकडे अशा चादरींनी भरलेलं एक लोखंडी कपाट होतं. सर कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे. दरवर्षी कुठे ना कुठे सत्कार व्हायचा आणि कपाटात एकेक चादर वाढायची. मग आमच्यातलं कुणी शिकायला पुण्याला किंवा मुंबईला निघालं की काकू कपाट उघडायच्या. मला मिळालेली चादर निळी-पांढरी होती, काठाला मोरांची रांग. पुण्याच्या होस्टेलमध्ये पाच वर्षं ती माझ्या अंगावर होती. आता विरून जाळी झालीय, पण मी ती टाकलेली नाही.

मी साखर पेठेतली. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी. सोलापुरातल्या आमच्या पद्मशाली विणकर घरांत हे काही वेगळं नाही. नान्ना, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, अम्मा घरी विड्या वळायची. अकरावीला आर्ट्सला गेले तेव्हा घरात कुणालाही, मलासुद्धा, तर्कशास्त्र म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. वेळापत्रकात होतं म्हणून घेतलं. साल १९९६.

पहिल्या आठवड्यात सरांनी न्यायदर्शनातलं, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतलं, अनुमान शिकवायला घेतलं. पुस्तकातलं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि लगेच पुसलं. म्हणाले, "सोलापुरात डोंगर कुठला आणायचा?" मग मोठ्या अक्षरांत लिहिलं:

माग थांबला आहे, म्हणून बाणा तुटला आहे.

वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मागावाल्यांची होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की पॉवरलूम आपोआप थांबतो हे आम्हाला कळायला लागल्यापासून माहीत. सर पुढे पंचावयव वाक्य, म्हणजे अनुमानाचे पाच टप्पे, मांडू लागले: प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय, निगमन. तिसऱ्यावर आले असतील नसतील, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, लाईट गेली असंल तर?"

ती माझी मैत्रीण. तिची आई आणि माझी अम्मा एकाच विडी कारखान्यात माप द्यायच्या. वर्गात ती तोवर एक अक्षर बोलली नव्हती. पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, काही वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "इकडे ये. आणि सांग यांना, काय चुकलं."

ती आली. हात थरथरत होते. खडू हातात दिला तर तो मोडला. सरांनी दुसरा दिला. तिने आपल्या बोलीत सांगितलं: माग बाणा तुटला तरी थांबतो, लाईट गेली तरी थांबतो, पट्टा सुटला तरी थांबतो, कामगारानं थांबवला तरी थांबतो. तर नुसता थांबला एवढ्यावरून बाणाच तुटला कसं म्हणायचं? सर म्हणाले, "याला शास्त्रात सव्यभिचार म्हणतात. जो हेतू साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते, असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो, तो हेतू कामाचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी गौतमांच्या न्यायसूत्रांत हे सांगितलंय. आणि आज हिनं सांगितलं."

ती जागेवर जाऊन बसली. माझ्या आठवणीत त्या दिवसानंतर तिची पाठ सरळ झाली. आता ती कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते, तिथल्या दहा हजार विडी कामगार बायकांच्या घरांपैकी एक घर तिच्या आईचं. मुलांच्या शिकवण्या घेते. भेटली की आम्ही दोघी हटकून त्या खडूची आठवण काढतो.

त्यानंतरच्या शनिवारी सर आमच्या कारखान्यात आले. कुणाला न सांगता, सायकलवर. मी भाकरी घेऊन गेले होते, बघते तर नान्नांच्या मागाशेजारी सर उभे. पॉवरलूमच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. नान्नांनी माग थांबवला आणि सरांना सगळं दाखवलं. टॉवेलला दोन बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन रूळ, लागतात. एका बीमचे धागे ताठ, ते कापडाची जमीन धरतात. दुसऱ्याचे सैल, त्यांचे फेर उभे राहतात, तेच टॉवेलचं मऊपण. फणी दोन वेळा अलीकडेच थांबते आणि तिसऱ्यांदा तिन्ही आडवे धागे एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल धाग्याचा फेर वर येतो. सरांनी हे चार-पाच वेळा करून दाखवायला लावलं. शाळकरी पोरासारखे वाकून बघत होते. मग विचारलं, बाणा तुटला हे मागाला कळतं कसं? नान्नांनी तो बारका काटा दाखवला. आडवा धागा असला की काट्याला आडतो, नसला की काटा खाली जातो आणि माग बंद.

"आणि ताणा तुटला तर? उभा धागा?"

नान्नांनी मान हलवली. "तवा नाही थांबत सर. चालूच ऱ्हातो. आपल्यालाच बघावं लागतंय. नाही बघितलं तर वाराच्या वार चीर जाते."

सरांनी खिशातून डायरी काढली आणि ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने माझ्या सातवी शिकलेल्या बापाचं वाक्य लिहून घेतलं. नान्ना घरी येऊन अम्माला तेलुगूत तीनदा सांगत होते की सरांनी लिहून घेतलं, लिहून घेतलं. पुढे मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणार म्हटल्यावर घरात कुणी आडवं आलं नाही. त्याचं कारण तो शनिवार होता असं मी मानते. (दुसरंही कारण असू शकेल. सर असते तर त्यांनी तेही विचारलं असतं.)

पाच सप्टेंबरला इतर वर्गांत फुगे आणि भाषणं असायची. सरांच्या वर्गात तास व्हायचा. त्यांचं म्हणणं, ज्या माणसाच्या जन्मदिवशी आपण हा दिवस पाळतो तो तत्त्वज्ञानाचा शिक्षक होता, तर त्या दिवशी तत्त्वज्ञानाचा तास बुडवणं बरं दिसत नाही. दरवर्षी ते सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्याविषयी एकेक गोष्ट सांगायचे आणि तिच्यावर तासभर आम्हाला पिंजत बसायचे.

पहिल्या वर्षी जुन्या पुस्तकांची गोष्ट. तिरुत्तणीच्या गरीब घरात १८८८ साली जन्मलेला हा मुलगा शिष्यवृत्त्यांवर शिकत मद्रासला पोचला. तत्त्वज्ञान हा विषय त्याने आवडीने निवडला नव्हता. नात्यातल्या एका भावाचं शिक्षण संपलं, त्याने आपली तत्त्वज्ञानाची पुस्तकं याला दिली, नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो विषय. पुढे तो मुलगा कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाला, ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्र शिकवू लागला, आंध्र आणि बनारस हिंदू विद्यापीठांचा कुलगुरू झाला, १९५४ साली भारतरत्न आणि १९६२ साली राष्ट्रपती. आमच्या वर्गात जुन्या पुस्तकांवर शिकणारेच सगळे. ती गोष्ट ऐकून मी माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं आधीच्या मुलीचं नाव खोडायचं थांबवलं.

दुसऱ्या वर्षी म्हैसूरची गोष्ट. १९२१ साली राधाकृष्णन म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून कलकत्त्याला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी बग्गी फुलांनी सजवली, घोडे सोडले आणि स्टेशनपर्यंत बग्गी स्वतः ओढत नेली. आम्ही भारावलो. सरांनी फळ्यावर लिहिलं: राधाकृष्णन थोर शिक्षक होते. "ही प्रतिज्ञा. हेतू द्या." सगळे एकदम म्हणाले, विद्यार्थ्यांनी गाडी ओढली म्हणून. सर म्हणाले, "गाडी पुढाऱ्याचीही ओढतात. नटाचीही ओढतात." आणि शेवटच्या बाकाकडे बघितलं. मैत्रीण उठून म्हणाली, "सव्यभिचार." मग शिक्षक थोर असल्याचा खरा हेतू कुठला, जो थोर शिक्षकाजवळच असतो आणि दुसरीकडे नसतो? सरांनी उत्तर दिलं नाही. तास संपला.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट ऐकून आम्ही रागावलो. सरांनी जदुनाथ सिन्हांविषयी सांगितलं. राधाकृष्णन यांच्या भारतीय तत्त्वज्ञानावरच्या ग्रंथाचा दुसरा खंड १९२७ साली आला. आपल्या प्रबंधातला मजकूर त्यात घेतल्याचा आरोप या तरुण अभ्यासकाने १९२९ साली 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकातून जाहीरपणे केला. राधाकृष्णन यांनी तो नाकारला. दोन्हीकडून दावे झाले आणि १९३३ साली प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. वर्गात शांतता. एकजण म्हणाला, "सर, आज तरी हे नको होतं." सर म्हणाले, "मग कधी? ज्याला हार घालायचा त्याची चौकशी करायची नाही, असं तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही." पुढे म्हणाले की आरोप झाला म्हणजे सिद्ध झाला असंही नाही, आणि मिटला म्हणजे खोटा होता असंही नाही. एवढंच हातात असेल तर एवढंच म्हणायचं. आणि हे सगळं माहीत असूनही आपण स्वतः त्या माणसाचे ग्रंथ कसे वाचले, रात्र-रात्र कसे वाचले, ते सर सांगू लागले. सांगता सांगता त्यांचा आवाज भरून आला. आदर आणि चौकशी एका तोंडातून, एका तासात ऐकल्याचा तो माझा पहिला अनुभव. आज मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. साक्षीदार समोर उभा राहिला की काय सिद्ध झालं आणि काय नुसतंच बोललं गेलं यांतली रेघ मी त्या तासावरून ओढते.

एकदा सर आम्हाला सिद्धेश्वर तलावावर घेऊन गेले. गड्ड्याची जत्रा संपली होती, नंदीध्वज परतले होते, होम मैदानावरचे पाळणे अजून उतरवायचे होते. तलावाच्या कडेला बसून सरांनी सिद्धरामांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची, गोष्ट सांगितली. आपण त्यांची यात्रा भरवतो, अक्षता टाकतो. पण बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं तेव्हा सिद्धराम काय करत होते? तलाव खणवत होते, देवळं बांधवत होते. वीरशैव परंपरेत सांगतात की संत अल्लमप्रभू तिथे आले आणि चारचौघांत सिद्धरामांना बोल लावला, दगडमाती उपसणारा म्हणून. शिष्य चवताळले. अल्लमप्रभूंना प्रश्न विचारायचा होता: एवढं बांधतोस, आत काय बांधलंस? वाद झाला आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपाकडे, म्हणजे संतांच्या चर्चासभेकडे, गेले. तिथे त्यांनी दीक्षा घेतली ती चन्नबसवण्णांकडून, वयाने आपल्याहून लहान असलेल्या माणसाकडून.

"या गावचा सगळ्यांत मोठा माणूस," सर म्हणाले, "प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे उठून गेला. आणि लहान पोराला गुरू केलं." मग गप्प बसले. पाण्यात बदकं होती. शेंगाच्या चटणीला कडक भाकरी लावून आम्ही खाल्ली आणि घरी आलो.

२००८ साली सर निवृत्त झाले. मोठा समारंभ झाला. मी पुण्याहून आले होते. भाषणं दोन तास. कुणी ज्ञानाचा दीपस्तंभ म्हणालं, कुणी चालतंबोलतं विद्यापीठ. एकोणीस चादरी मिळाल्या, मी मोजल्या. आणि त्यांची जागा भरली गेली नाही.

सुरुवातीला भरू म्हणाले. मग तासिका तत्त्वावर एक मुलगी आली. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, आणि तेही महिनोन्‌महिने अडकलेले. नेट झालेली, हुशार, सरांकडे शंका विचारायला यायची. दोन वर्षांनी ती गेली, तिलाही घर होतं. मग विद्यार्थी कमी झाले असं कारण आलं. शिकवायला कुणी नाही म्हणून विद्यार्थी कमी, आणि विद्यार्थी कमी म्हणून शिकवायला कुणी नाही. सरांच्या वर्गातलं कुठलंही पोरगं हे चक्र एका मिनिटात फोडून दाखवेल. अखेर विषयच बंद झाला. त्या खोलीत आता जुनी बाकं रचून ठेवलीत.

मला नान्नांचं वाक्य त्या दिवसापासून सोडत नाही. बाणा तुटला तर माग थांबतो. ताणा तुटला तर थांबत नाही. कॉलेज चालू आहे, प्रवेश होतात, निकाल लागतात, पाच सप्टेंबरला चादरी येतात. एक उभा धागा गेला आहे आणि वाराच्या वार चीर चालली आहे. कुणाला ऐकू येत नाही, कारण आवाज बदललेला नाही.

म्हणून मला शिक्षकांच्या सन्मानाची भाषणं ऐकवत नाहीत. शिक्षक राष्ट्र घडवतो हे वाक्य खरंच आहे, म्हणून तर संताप येतो. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुढच्याच वर्षी, १९४८ साली, देशाने विद्यापीठ शिक्षणासाठी पहिला आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष राधाकृष्णनच होते. त्या आयोगाने शिक्षकांच्या पगाराचा आणि नेमणुकांचा विचार केला तो काही भावनेच्या भरात नाही. शिक्षक नेमावा लागतो, त्याला वेळेवर पगार द्यावा लागतो, जनगणना आणि निवडणुकीच्या याद्यांतून मोकळा करून वर्गात उभा करावा लागतो. त्याचा मान तिथे सुरू होतो. चादर नंतर.

आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. गावोगावी फलक लागले, मलाही फार आनंद झाला. पण मला त्या वाटून देण्यात सरांचं कपाट दिसलं. मिळालं ते पुढे द्यायचं.

सरांनी म्हैसूरच्या दिवशी सोडून दिलेल्या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधते आहे. आता मला वाटतं, थोर शिक्षकाच्या वर्गात त्याला अडवणारं कुणीतरी तयार होतं, आणि तो त्याला खडू देतो. हा हेतू दुसरीकडे सापडत नाही. कुणाला सापडला तर मला जरूर सांगा, मी प्रतिज्ञा मागे घेईन.

या पाच सप्टेंबरला मी नान्नांना घेऊन सरांकडे गेले. नान्ना आता अठ्ठ्याहत्तरचे. तीस-पस्तीस वर्षं शेडमध्ये काढली, त्यामुळे कान गेलेत. सरांना मोतीबिंदूनंतर एका डोळ्याने नीट दिसत नाही. काकूंनी चहा ठेवला. दोघं कॉटवर शेजारी बसले. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही, आणि तरी दोघांचं चाललं होतं. नान्ना कारखान्यातल्यासारखे हातांनी बोलत होते, सर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन.

कॉटवर नवी चादर होती. सकाळीच कुणीतरी सत्कार करून दिलेली, तांबडी, जेकार्डची. नान्नांचा हात सवयीने तिच्यावर फिरत होता. मधेच अंगठा थांबला. त्यांनी चादर उचलली, खिडकीकडे धरली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"ताणा गेलाय," मी म्हटलं. "नान्ना म्हणतात."

"कशावरून?"

मी तो प्रश्न नान्नांच्या कानात ओरडून सांगितला. नान्ना हसले. उजेडात दाखवून उपयोग नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी सरांचा हात धरला, तर्जनी सुटी केली आणि कापडावर त्या बारीक रेघेवर टेकवली. सर डोळे मिटून बोट सरकवत राहिले. एक वीत, दोन वीत.

"कुठवर गेलीय?" सर म्हणाले.

नान्ना घडी उलगडू लागले. मी दुसरं टोक धरलं.